तपासणाऱ्याची चौकट

गुरुजी, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी आता पन्नाशीला टेकलोय. खरी पन्नाशी कोणत्या दिवशी भरणार ते देवाला ठाऊक. कागदावर एक जूनला. तो एक जून तुमच्या हातचा.

आई मला शाळेत घेऊन आली तो दिवस अजून दिसतो. तुम्ही टेबलामागे बसलाय, पुढं जाडजूड रजिस्टर. "पोरगं कवा जन्मलं?" तुम्ही विचारता. "गौरी जेवल्या त्येच्या दुसऱ्या दिशी. लय पाऊस हुता, गुरुजी." "आवं, तारीख सांगा, तारीख." "ती आमास्नी कुठली ठावं?" मग तुम्ही मला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावलात. बोटं कानाला टेकली आणि तुम्ही लिहिलंत, एक जून. वर्गातली निम्मी पोरं एक जूनचीच होती. आणि चौथीत मी एका उत्तरात अंदाजानं काहीतरी ठोकून दिलं, तर तुम्हीच वही समोर आपटलीत. "म्हाईत न्हाई तर जागा रिकामी सोड. खोटं लिवू नगंस." दोन्ही तुम्हीच, गुरुजी.

पुढं सैन्यभरतीच्या मैदानावर मी धावण्यात सगळ्यांच्या पुढं होतो, पण दाखल्यावरच्या एक जूनमुळं वय मर्यादेपेक्षा महिनाभर जास्त निघालं. तिथून तडक कुंडलला, तुमच्या दारात आलो. तुम्ही शेंगा फोडत बसला होता. मी काय काय बोललो ते आठवून आजही लाज वाटते. तुम्ही शेंगांचं सूप माझ्याकडं सरकवलंत आणि एवढंच म्हणालात, "रिकामी जागा दिसली की सायेब नाव घेत न्हवते रं. तू शाळंत बसावास म्हणून भरली." शेंगांना हात न लावता मी उठलो. नंतर तुमची भेट झाली नाही.

पुढं पलूसच्या एका छापखान्यात कामाला होतो, तो बंद पडल्यावर सांगलीला एका लहान ऑफिसात लागलो. लोक इंटरनेटवर ब्लॉग लिहितात, म्हणजे घरगुती औषधं, पाककृती, शेतीचे लेख. लेख माणसं वाचतात. यंत्राला मात्र त्यातलं नीट उमगत नाही, म्हणून त्याच्यासाठी लेखामागं वेगळ्या चौकटी भराव्या लागतात. लेखक कोण, तारीख काय, विषय कोणता, कुणी तपासलं. चौकटी भरल्या की यंत्र तो लेख वर आणतं, लोकांच्या फोनला वाचून दाखवतं. जुन्या लेखांच्या या चौकटी भरणं हे माझं काम. सकाळी देवाला हात जोडून निघतो, दिवसभर चौकटी भरतो, शेवटच्या एसटीनं परत येतो.

औषधांच्या लेखांत "तपासणारे डॉक्टर" ही चौकट रिकामी असायची, कारण तपासलंच नव्हतं कुणी. मालक पोरगेला आहे, मला काका म्हणतो. "काका, भरा हो कायतरी. रिकामं ऱ्हायलं की लेख वर येत न्हाई." मी म्हटलं, "आरं, पण डॉक्टर कुठला आणू?" तो हसला. "एवढी पिकली केसं तुमची, एक नाव सुचंना व्हय? नसंल जमत तर सांगा, दुसरं माणूस बघतो." या वयात मला दुसरं काम कोण देणार? भरवशाचं म्हणून एकच नाव आठवलं. तुमचं. त्याआधी "डॉ." लावलं आणि प्रत्येक लेखाला तेच चिकटवत गेलो.

गेल्या रविवारी पाटणहून बाळंतपणाला आलेली थोरली लेक स्वयंपाकघरात फोन घेऊन बसली होती. तिचं बाळ पाय पोटाशी घेऊन रडत होतं, बायको सहाणेवर वेखंड उगाळत होती. मी म्हटलं, "आगं, एवढ्याशा जिवाला? आधी डॉक्टरला इचारा." बायको म्हणाली, "तुमची लेक ह्येच्यावरच वाढलीया." लेक म्हणाली, "आप्पा, फोनला इचारलंय की." फोन बोलू लागला. वेखंड किती, कसं चाटवावं, आणि शेवटी, हा लेख डॉक्टरांनी तपासलेला आहे. पुढं तुमचं नाव.

मी बायकोच्या पुढ्यातली सहाण काढून घेतली. "आवं, याड लागलं का तुमास्नी? डॉक्टरनं तपासलंय न्हवं!" मी म्हटलं, "न्हाई तपासलं." "तुमास्नी काय म्हाईत?" मी चपला घातल्या आणि बाळाला दवाखान्यात घेऊन चला म्हटलं. गॅस होता, उतरला. पण ज्यांच्या स्वयंपाकघरात मी नव्हतो, त्यांचं काय?

सोमवारी त्या एका लेखाची ती चौकट रिकामी केली. मालकाला अजून कळलेलं नाही. बाकीच्या लेखांवर तुमचं नाव तसंच आहे. रोज ऑफिसात जाऊन त्यातला एखादा उघडतो, बघतो आणि बंद करतो. रिकामं केलं तर घर कसं चालेल, आणि ठेवलं तर सकाळी देवासमोर कुठल्या तोंडानं उभा राहू? तुम्ही पोराला शाळेत बसवायला खोटं लिहिलंत. मी खुर्ची टिकवायला लिहिलं, तेही तुमच्या नावानं.

हे पत्र तुमच्यापर्यंत जायचं नाही. तरी एक सांगून ठेवतो. फोनच्या त्या गोड आवाजात तुमच्या नावाआधी डॉक्टर ऐकलं, तेव्हा मी घाबरलो खरा. पण त्याच्या आधी, क्षणभर, मला लय बरं वाटलं होतं, गुरुजी.