साखर बंद, गूळ चालू

३ नोव्हेंबर
लग्नाला चार वर्षे झाली, मूल नाही. आज धाराशिवला डॉक्टरांकडे. पत्नी श्रावस्तीचे सर्व रिपोर्ट उत्तम. माझे शुक्रजंतू कमी आणि सुस्त. रक्तातली साखर वाढलेली, पोटही. आदेश : साखर बंद, रोज चालणे. नवे शुक्रजंतू घडायला सुमारे तीन महिने लागतात, म्हणून फेरतपासणी फेब्रुवारीत. मी जीवशास्त्राचा प्राध्यापक. पोटाची चरबी पुरुषी हार्मोनचे स्त्री-हार्मोन कसे करते, हे श्रावस्तीला एस्टीत सविस्तर समजावले. शेजारचे आजोबा उठून मागे जाऊन बसले. त्यांना विषय नवीन असावा.

४ नोव्हेंबर
साखरेचा डबा शेजारी देऊन टाकला. चहात गूळ. गुळात लोह असते. श्रावस्ती म्हणाली, अहो, गूळ बी गोडच की. तिची शाखा कॉमर्स.

५ नोव्हेंबर, पहाट
थंडी. शरीराला एकदम धक्का देणे अशास्त्रीय. चालणे उद्यापासून.

२१ नोव्हेंबर
गावातले शेतकरी कल्याणप्पा यांचे गुऱ्हाळ सुरू झाले. त्यांना शुक्रजंतूंचे कार्य समजावले, अर्थात एका मित्राची अडचण म्हणून. ते म्हणाले, सर, लई बोललात, घसा सुकला आसंल. आणि ताज्या काकवीची वाटी पुढे केली. साखर कारखान्यात होते, काकवी गुऱ्हाळात. दोन वाट्या घेतल्या. मोटरसायकल लावली तिथपासून कढईपर्यंत चाललो.

१४ डिसेंबर
पँट आवळली. श्रावस्तीने गरम पाण्यात धुतली असावी. ती म्हणाली, मग शर्ट पोटावरच कसा आटला? निरीक्षण चांगले, निष्कर्ष घाईचा.

१९ डिसेंबर
वेळामावस्या, आमच्याकडचा शेतपूजेचा सण. कल्याणप्पांच्या शेतात जेवण. खीर गुळाची, म्हणून निर्धास्त.

९ फेब्रुवारी
रिपोर्ट. साखर वाढली, शुक्रजंतू आणखी घटले. डॉक्टरांना सांगितले, साखरेचा कणही खाल्ला नाही. श्रावस्ती म्हणाली, खरंय, ढेप संपवली. मी फरक स्पष्ट करू लागलो. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

१० फेब्रुवारी, सकाळ
आज प्रथमच चाललो. श्रावस्ती सोबत. इन्सुलिनपासून विवेचन आरंभले. पाण्याच्या टाकीपाशी दम लागला. मी गप्प झाल्याचे पाहून ती बोलली. म्हणाली, चार वर्षं सगळ्या बायका माझ्याच पोटाकडं बघत्यात. कमी तुमच्यात हाय, हे मी अजून कुणाला सांगितलं न्हाय.
विवेचन टाकीपाशीच सोडून तिच्या मागे चालू लागलो.