बिनकॉलेजवाल्यांची टीम

शुक्रवार, वादी कबीर

जेवणं झाली, पण टेबल कुणी पुसेल तर शपथ! माझा विलास आणि नात रिया खजुराच्या बिया मांडून बसलेले. एक बी म्हणजे अमेरिकेतला एक बास्केटबॉलवाला. तो ज्या कॉलेजात शिकला त्या कॉलेजच्या ढिगात बी टाकायची, मग कॉलेजांची आपसात टूर्नामेंट.

"माझी टीम कुठली?" मी विचारलं.

विलास म्हणाला, "आई, तू चौथी पास. तुझं कसलं कॉलेज?"

थोड्या बिया कडेला सारलेल्या होत्या. "या कुणाच्या?"

"आजी, ते प्लेअर कॉलेजला गेलेच नाहीत. शाळेतून डायरेक्ट मोठ्या लीगमध्ये खेळले," रिया म्हणाली.

"मग त्या माझ्या!"

रियाने नावं घेतली तसं विलासचं तोंड उतरलं. एकेक नामी गडी!

"पप्पा, खलास!"

बिया मी टेबलावर तशाच ठेवल्यात, फेकलेल्या नाहीत. कोण जिंकणार, ते सकाळी विलासनेच सांगायचं. रियाने मध्ये बोलायचं नाही.