पाठकोऱ्या कागदांचा युक्तिवाद

ती. वन्सं यांच्या चरणी,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात माझे गुडघे एवढे वाकू देत नाहीत, पण कागदावरच्या नमस्काराला गुडघे लागत नाहीत, हा पत्रलेखनाचा एक दुर्लक्षित फायदा आहे.) आपली प्रकृती आता कशी आहे? कानातले नवे यंत्र नीट बसले का? मागच्या खेपेस फोनवर मी आपल्याला इकडची हकीकत सांगत होते आणि आपण मला भाजीचे भाव विचारत होतात. दोघींचेही बोलणे आपापल्या जागी सुसंगत होते. परंतु संवादाला तेवढे पुरत नाही. म्हणून हे पत्र.

इकडे सर्व क्षेम आहे, असे लिहिण्याची पद्धत आहे. पण ज्या बाईने सारी हयात तर्कशास्त्र शिकवण्यात घालवली तिने ‘सर्व’ हा शब्द तरी जपून वापरावा. तेव्हा असे लिहिते की इकडे बहुतेक क्षेम आहे, आणि जे नव्हते त्याविषयीच पुढे सविस्तर लिहायचे आहे. आपण बसून वाचावे. शक्य तर पाठ टेकून.

आपल्या बंधूंना झटका येऊन गेला तो आपल्याला ठाऊकच आहे. पाय सावरला, बोलणे सावरले (थोडे उशिरा सावरले असते तरी माझी हरकत नव्हती), राहिला तो उजवा हात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की हाताला या काही महिन्यांत काम मिळाले तर तो परत येईल. नाही मिळाले तर जेवढा आहे तेवढाच राहील. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी एक रबरी चेंडू दिला. ह्यांनी तो बाईंच्या समोर सभ्यपणे दाबला आणि त्या जिना उतरेपर्यंत खिडकीत ठेवून दिला. “हे काम आहे का?” एवढेच म्हणाले. आता ज्या माणसाने नकाशे काढण्याच्या कचेरीत जन्म काढला, घरी आल्यावरही जो नळाची तोटी नाहीतर दाराची कडी समोर ठेवून तिचे चित्र काढत बसायचा, त्याच्या हाताचे काम कोणते, हे काही मला शोधायला लागणार नव्हते. मी दुकानातून उत्तम चित्रवही आणली. जाड, दुधासारखा कागद. ह्यांनी ती हातात घेतली, कागदावरून डाव्या हाताचे बोट फिरवले, पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवली आणि म्हणाले, “एवढा चांगला कागद या हातानं नासवायचा नाही.” विषय संपला. आपल्या माहेरी विषय कसे संपतात हे आपल्याला मी काय सांगावे!

पण वन्सं, नकाराचे कारण ज्याने दिले त्याने नकाराचे दार उघडे ठेवले. मी स्वयंपाकघरात जाऊन विचार केला. कागद नासेल, म्हणून हे काढत नाहीत. जे आधीच टाकाऊ ठरले आहे ते नासू शकत नाही. पाठकोरा कागद आधीच टाकाऊ ठरलेला आहे. म्हणून पाठकोऱ्या कागदाची वही दिली तर नकाराला आधारच उरत नाही. युक्तिवाद असा काही निर्दोष उतरला की मी हातातल्या उलथन्यानेच ओट्यावर ताल धरला. आणि त्या दिवसापासून, मी अगदी शांतपणे लिहिते आहे, मला वेड लागले आहे.

घरातला एकही कागद आता मला सरळ दिसत नाही. आधी त्याची पाठ दिसते. परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका, बँकेची पत्रे, औषधांच्या चिठ्ठ्या, लग्नपत्रिका (निमंत्रण छापणारे लोक कागदाच्या बाबतीत फार उदार असतात, आपण सगळ्यांच्या लग्नांना जात राहावे). आमचा रद्दीवाला इतकी वर्षे मला विक्रेती म्हणून ओळखत होता. मी त्याच्या गठ्ठ्यांतून पाठकोरे कागद परत निवडू लागले तेव्हा तो आधी हसला, मग गप्प झाला, आणि आता माझ्याकडे धंद्यातली प्रतिस्पर्धी म्हणून पाहतो. कोपऱ्यावरची शिवणकाम करणारी बाई मला चिंध्यांची पिशवी बाजूला काढून ठेवते. घरी शिवलेल्या वहीच्या पाठीवर चिकटवायला कापडाची पट्टी लागते, आणि तिच्याकडच्या चिंध्यांत असे असे रंग निघतात की ज्यांचे कपडे शिवले गेले असतील त्या माणसांना भेटण्याची मला अजिबात इच्छा नाही. जुन्या पायजम्याची नाडी वहीला बांधायला उत्तम चालते. पायजमा ह्यांचा होता. जुना होता असे माझे मत आहे.

पुठ्ठ्याच्या बाबतीत मात्र माझ्या हातून एक गोष्ट घडली, ती आपल्याला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. खोक्यांचा पुठ्ठा पोकळ असतो, दाबला की बसतो. मला हवा होता घट्ट, सपाट पुठ्ठा. तो कुठे असतो याचा विचार करताना माझी नजर बैठकीच्या भिंतीकडे गेली. तसबिरीच्या पाठीमागे जो पुठ्ठा असतो तो कुणी कधी पाहत नाही. जे कुणी पाहत नाही ते काढल्याने दिसण्यात फरक पडत नाही. सबब मी तो काढला. या युक्तिवादातला दोष मला दुसऱ्या दिवशी दिसला. पुठ्ठा दिसण्यासाठी नसतो, धरण्यासाठी असतो. मामंजी, म्हणजे आपले वडील, भिंतीवर आहेत, त्यांना काहीही झालेले नाही. ते फक्त चौकटीत थोडे खाली बसले आहेत. कपाळ आणि पगडी व्यवस्थित दिसते. ह्यांनी चहा पिता पिता त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि चहा संपवला. (आता दुसरा पुठ्ठा घातला आहे. ते पूर्ववत उभे आहेत.)

आता बांधणीविषयी. आपल्याला वाटेल की वही शिवणे ते काय, घडी घातली, दाभणाने भोके पाडली, दोरा ओवला. मलाही तसेच वाटले होते. पण कागदाला कापडासारखी उभी-आडवी वीण असते हे आपल्याला ठाऊक होते का? विणीच्या दिशेने घडी घातली तर कागद मुकाट्याने वाकतो; आडवी घातली तर मोडतो, आणि खळ लागली की फुगून सूड घेतो. माझ्या पहिल्या वहीचे मुखपृष्ठ वाळले तेव्हा त्याचे कौल झाले होते. छपरावर चढवले असते तर पाणी वाहून गेले असते. खळ मी मैद्याची शिजवली. पहिल्या दिवशी पातळ, दुसऱ्या दिवशी अशी घट्ट की पळी उभी राहिली. किडामुंगी लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, ते घालायचे राहिले, तेव्हा मुंग्यांनी कळवले की त्यांना मजकूर आवडला. दाबायला वजन हवे, तर मी माझे तर्कशास्त्राचे जाडजूड ग्रंथ रचले, आणि आयुष्यात प्रथमच त्या ग्रंथांचे वजन घरात सर्वांना मान्य झाले.

वह्यांबरोबर अल्बमही करू लागले. फोटो अडकवायचे कोपरे विकत कशाला घ्यायचे? टपालाने येणाऱ्या प्रत्येक लिफाफ्याला फुकट चार कोपरे असतात! कापले, चिकटवले, फोटो त्यात अलगद बसला. मला इतका आनंद झाला की मी आलेली पत्रे वाचण्याआधीच लिफाफे कापू लागले, आणि त्यात विजेच्या बिलाचाही एक कोपरा गेला. पहिला अल्बम फोटो लावल्यावर मिटेना. जांभई देत पडून राहिला. मग कळले की फोटोंची जाडी पानांच्या कडेला असते, शिवणीकडे नसते. शिवणीतही तेवढ्याच जाडीच्या पट्ट्या शिवाव्या लागतात. हे उमगले त्या दुपारी मी जेवायचे विसरले. वन्सं, या वयात नवीन काही कळण्याचा आनंद फार धोकादायक असतो. त्याला पथ्य सांगणारा डॉक्टर नाही.

एवढे सगळे झाले, आणि मूळ हेतूचे काय? तिथे माझा पराभव होत होता. मी पहिली वही ह्यांच्यापुढे ठेवली. “छान झालीय,” म्हणाले आणि बाजूला ठेवली. दुसरी तिच्याहून सुबक. “ही तर फारच छान.” बाजूला. तिसरीच्या वेळी तर चष्मा लावून शिवण पाहिली, मान डोलावली आणि खिडकीत चेंडूशेजारी ठेवली. पेन्सिल कुठेच नाही. मी युक्तिवादाची प्रत्येक पायरी तपासली. एकही ढिली नव्हती. निर्दोष युक्तिवादाने माणूस हलत नाही हे मी वर्गात कधी शिकवले नाही, कारण ते अभ्यासक्रमात नव्हते. डॉक्टरांनी दिलेले महिने मात्र आपल्या चालीने चालले होते. त्या आठवड्यात ह्यांचा शर्टाच्या बटणांशी झगडा मी दाराआडून पाहिला आणि परत जाऊन खळ ढवळत बसले.

चौथ्या वहीच्या वेळी माझे चित्त थाऱ्यावर नव्हते. भोके सारखी पडावीत म्हणून मी पुठ्ठ्याची एक पट्टी केली होती, तिच्यावर खुणा. खुणा दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर नव्हत्या, हे लक्षात न घेता मी काही घड्यांना पट्टी सुलट लावली, काहींना उलट. शिवून झाली तेव्हा वहीची पाने जिन्यासारखी चढत-उतरत होती. मी ती लपवायला निघाले तोच ह्यांनी पाहिली. “बघू.” घेतली. उलटीसुलटी केली. कपाळावर आठी आली. अशी आठी मी झटक्यानंतर पाहिली नव्हती, वन्सं. तोवर नुसती सभ्यता होती. “पट्टी उलटी लावलीस. वरची बाजू कुठली याची खूण करायची असते. तुझ्या तर्कशास्त्रात वर-खाली नसतं का?”

मी म्हणाले, मला कळले नाही, काढून दाखवा.

डाव्या हाताने काही जमेना, तर रागारागाने पेन्सिल उजव्या हातात घेतली. त्याच जिन्यासारख्या वहीच्या पहिल्या पानावर, एका जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर, पट्टी काढली. शाईत बुडालेली मुंगी चालावी तशी रेघ. पण चारी कोपरे मिळाले, आणि वरच्या कोपऱ्यात बाण काढून त्याखाली ‘वर’ असे लिहिले. ते अक्षर मी उलट्या बाजूनेही ओळखले असते. मी पदर नीट केला आणि विचारले की बाण दोन्हीकडे काढायचा का. “एकीकडेच. दोन्हीकडे काढला तर खूण कसली?” असे म्हणून त्यांनी दुसरी पट्टी काढली, मला समजावी म्हणून.

तेव्हापासून रोज काही ना काही निघते. कोपरा जाड झाला, की दुमड कशी घालायची ते काढून दाखवतात. पाठीची पट्टी तिरकी गेली, की आडवा छेद काढतात, मापासकट. (वयाप्रमाणे माझ्या हातून चुका होतात, त्याला इलाज नाही.) जिन्याची वही आता भरत आली आहे. रेघ अजून कापते, पण कुठे जायचे ते तिला ठाऊक असते. परवा शर्टाचे वरचे बटण त्यांनी स्वतः लावले आणि मला हाक मारली नाही. मी वाट पाहत उभी होते, तशीच परत फिरले.

सोबत एक अल्बम आणि एक चित्रवही पाठवते आहे. आपण स्वीकार करावा. प्रकृतीस जपावे, यंत्र कानात घालावे, आणि आमच्यावर असलेला लोभ तपासून पाहावा. वाढलेला असल्यास तसाच ठेवावा.

आपली,
धाकटी भावजय

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. वर कंसात चुकांविषयी लिहिले आहे तो भाग खरा नाही. चौथी वही खरीच चुकली. त्यानंतरची प्रत्येक चूक मी विचार करून केली आहे. नीट करायची सवय असलेल्या माणसाला वाकडे करणे किती जड जाते याची आपल्याला कल्पना यायची नाही. आधी सरळ मोजावे लागते, मग तिथून सरकावे लागते. पण आता माझ्याजवळच्या चुका संपत आल्या आहेत. म्हणून विनंती अशी: लग्नाच्या पहिल्या वर्षी मी भरतकाम करून दिलेल्या चादरीची आपण आधी मागची बाजू पाहिली होतीत, आणि पुढची पाहायची गरजच पडली नव्हती. आपल्या त्या दृष्टीचे मोल मला तेव्हा कळले नाही. ती दृष्टी या दोन वस्तूंवर पूर्ण शक्तीने टाकावी आणि जे दोष सापडतील ते मला नव्हे, आपल्या बंधूंना कळवावेत. शब्दांत समजत नाही, आकृती काढून पाठव, असे बजावावे. दया दाखवू नये.

आणखी एक. पत्र बंद करायचे थांबवले आहे. आज सकाळी मी आपल्यासाठीच्या चित्रवहीत शेवटचे भोक पाडत होते. मोजून घेतले होते, मग केसभर सरकवले होते. हे केव्हा मागे येऊन उभे राहिले ते कळले नाही. थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “आणखी खाली घे. एवढ्याशा चुकीवर ताईचं भागायचं नाही.” मी वर पाहिले. चेहऱ्यावर काही नव्हते. त्यांना केव्हापासून कळले होते, हे मी विचारले नाही. विचारले असते तर सांगितलेही असते, आणि मग हा खेळ थांबला असता. त्यांनी दाभण माझ्या हातातून घेऊन ते भोक स्वतः पाडले. उजव्या हाताने. अगदी चुकीच्या जागी, आणि एका फटक्यात आरपार. तक्रार लवकर पाठवा, वन्सं. हे पेन्सिलीला टोक करून बसले आहेत.