डाव्या काखेतलं प्रकरण

३ मार्च, सोमवार. चहाची सुट्टी
डाव्या काखेत गाठ. द्राक्षाएवढी, टणक. दुखत नाही, म्हणजे काळजीचं कारण नाही. नवीन डिओडरंटचा प्रताप. फेकून दिला. गुरुवारपर्यंत गाठ जाईल.

६ मार्च, गुरुवार
गाठ आहे. शेडमधली मंडळी मात्र माझ्यापासून लांब बसू लागलीत. खरं कारण कळलं: तीस वर्षं उजव्या हाताने लोकर कातरतोय आणि डाव्याने मेंढी दाबून धरतोय. स्नायू सुजणारच. संकल्प: डाव्या हाताला आराम. तिसऱ्याच मेंढीने लाथ घातली. संकल्प रद्द.

९ मार्च, रविवार
बायकोला, ग्लेनिसला, फोनवर सहज सांगितलं. दुखते का, म्हणाली. नाही म्हटलं, तर खूश व्हायचं सोडून उलटतपासणी सुरू केली. मग म्हणाली, गेल्या वर्षी पाठीवरचा तीळ काढला तेव्हा डॉक्टरने तीन महिन्यांनी बोलावलं होतं, गेला होतास का? म्हटलं, तेव्हा हंगाम होता. म्हणाली, मर्व्ह, तुझा हंगाम तुला पुरून उरेल.
भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तीळ पाठीवर, गाठ काखेत. संबंध काय?

१२ मार्च, बुधवार
मोबाइलवर कारणं वाचली. जंतुसंसर्ग, चरबीची गाठ, मांजराचा ओरखडा. खाली अजून एक होतं, पण रेंज गेली. म्हणजे मीच फोन बंद केला.
तरी निदान झालं. मेंढ्यांना अशा गाठी येतातच, कापली की पनीरासारखा पू. कातरणाऱ्यालाही क्वचित लागण होते. हंगाम संपला की बघू.
वजन चार किलो उतरलंय. बिअर कमी केल्याचा परिणाम. बिअर कमी केलेली नाही.

१७ मार्च, सोमवार
शेजारी दुसरी गाठ. मी शर्ट बदलताना बार्नी टोलहर्स्टने पाहिलं. शेडमधला सगळ्यात जुना तो, आमचा पुढारी. म्हटलं, मेंढीचा रोग आहे. म्हणाला, मेंढीला असता तर काय केलं असतंस? म्हटलं, बाजूला काढून डॉक्टरला दाखवली असती. म्हणाला, मग?
मी पुढची मेंढी ओढली.

१९ मार्च, बुधवार. सकाळ
पाऊस. मेंढ्या भिजल्या की कातरायचं की नाही यावर आम्ही मत घेतो: चिठ्ठीवर 'ओली' किंवा 'कोरडी' लिहून हॅटमध्ये टाकायची. ओल्या जास्त निघाल्या, तर काम बंद. काम बंद झालं.
बार्नीने हॅट परत फिरवली. म्हणाला, आता मर्व्हची गाठ. 'ओली' म्हणजे आजच डॉक्टर, 'कोरडी' म्हणजे हंगामानंतर. सगळे हसले, मीही हसलो. मनात गणित केलं: फ्रँक आणि डेस माझ्या शब्दाबाहेर नाहीत, तिसरं मत माझं. तीन-तीन झाली की काम चालू.
आम्ही सहा जण. बार्नीने सहा चिठ्ठ्या टेबलावर उलगडल्या. सहाच्या सहा 'ओली', माझीही.
मग कुणी हसलं नाही. मला फार भीती वाटतेय. बार्नी गाडी काढतोय.