रविवारचं दार

८ नोव्हेंबर, शनिवार

माफी. आईच्या वर्षश्राद्धानंतर इथे एक ओळ लिहिली नाही. वहीची माफी मागणं विचित्र आहे, पण या घरात मराठी समजणारं आता दुसरं काहीच नाही.

इथल्या, काशीच्या हिशेबाने कार्तिक संपला. पंचगंगा घाटावरच्या बांबूंवरून आकाशदिवे उतरवले. शाळेतून येताना बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर उगाच बसले. नावाड्यांनी दोनदा विचारलं, "नाव चाहिए, बहन जी?" तिसऱ्यांदा विचारायच्या आत उठले.

लिहायला बसले त्याचं कारण नववीच्या मुली. टेक्नॉलॉजीच्या तासाला या वर्षी प्रोजेक्ट पूर्ण त्यांच्यावर सोपवला आहे. प्रश्न त्यांनी शोधायचा, ज्याच्यासाठी बनवायचं तो माणूस त्यांनी शोधायचा, चुका त्यांनी करायच्या. मी फक्त विचारायचं, सांगायचं नाही. पाठ्यपुस्तकातली आकृती फळ्यावर काढून देण्यापेक्षा हे फार अवघड आहे. तोंड मिटून उभं राहण्याची मला घरी सवय आहे, वर्गात नाही.

शिवानीच्या गटाने आज विषय सांगितला. संकठा घाटाकडे त्यांच्या गल्लीत एक बाई एकटी राहायची. वारली, आणि दोन दिवस कुणाला कळलं नाही. "मैम, दरवाज़ा नहीं खुला, तो किसी को तो पता चलना चाहिए न?" दाराला चुंबकाचा स्विच, त्याला वायफायचं छोटं बोर्ड. सकाळी दहापर्यंत दार उघडलं नाही तर फोनवर मेसेज. एवढंच.

चांगला विषय. मी चांगला म्हणाले नाही. "किसके दरवाज़े पर लगाओगी?" एवढंच विचारलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कुणाच्याच नाही, असं दिसतंय. तिघी जणी शाळा सुटल्यावर पंचगंगेच्या आसपास एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन आल्या. शिवानी कागद घेऊन, नाजनीन बोर्ड आणि वायरी घेऊन, पूजा फक्त तोंड घेऊन. सगळीकडे नकार. पूजाने आज वर्गात एका आजींची नक्कल केली: "अरे बिटिया, हम मरने ही तो आए हैं काशी। अब तुम घंटी बजाके हमको रोकोगी?"

वर्ग हसून लोटपोट. शिवानीला रडू आलं, ते तिने वायर सोलण्यात लपवलं.

काय चुकलं ते मला दिसत होतं. त्यांनी जाऊन यंत्र दाखवलं, आधी चार गोष्टी बोलल्या नाहीत. मी ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर उद्या त्या माझ्या शब्दांत बोलल्या असत्या. घरी येताना मात्र वाटलं, हा माझा नियम आहे की आळस?

प्रिन्सिपल मॅडम जिन्यात भेटल्या. "मॉडल पर पेंट-वेंट करवा लीजिएगा। पेरेंट्स आएँगे।"

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पूजा उभी राहिली. "मैम, आप भी तो अकेली रहती हैं।"

मी म्हणाले, मी काही बूढ़ी नाही अजून, शेहेचाळीस म्हणजे काय.

"बूढ़ी किसने कहा? अकेली कहा।"

शिवानीने तिला कोपराने ढोसलं. पण नाजनीन शांतपणे म्हणाली, "मैम, आप मना भी कर सकती हैं। यूज़र मना कर सकता है, आपने ही बताया था।"

हो म्हणाले. नाही म्हणण्यासारखं कारण वर्गासमोर सापडेना.

१५ नोव्हेंबर, शनिवार

तिघी यंत्र लावायला आल्या होत्या. स्टुलावर नाजनीन, स्टूल धरून शिवानी. पूजा घरभर हिंडून, "मैम, ये किसकी फ़ोटो? ये आपकी मम्मी? हँसती नहीं थीं क्या?" आई हसायची. फोटोवाल्याने सांगितलं म्हणून गप्प बसली होती.

चहा करायला गेले तर चांगले कप दोनच. बाकीचे फडताळात वरच्या फळीवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. पूजा आणि मी स्टीलच्या पेल्यांतून प्यायलो.

शिवानीने विचारलं, "मैम, सुबह दरवाज़ा कितने बजे खुलता है?" सातला, म्हटलं. शाळेला निघते तेव्हा. खरं तेच सांगितलं. तिने लिहून घेतलं. मेसेज तिच्या आईच्या फोनवर जाणार आणि समोरच्या गुप्ताइन भाभींच्या.

आई होती तेव्हा हे यंत्र निरुपयोगी ठरलं असतं. ती पहाटे दार उघडून पाणी शिंपडून ठिपक्यांची रांगोळी काढायची, आणि मग दार रात्रीपर्यंत उघडंच. गल्लीतली गाय एकदा अर्धा जिना चढून आली होती.

मुली गेल्यावर लक्षात आलं, रविवारचं त्यांनी विचारलंच नाही. मीही सुचवलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

दार कुणीतरी फोडतंय असं वाटलं.

जुना गाऊन, डोक्याला तेल, हातात कालचा पेपर. जिना उतरून दार उघडलं तर बाहेर गुप्ताइन भाभी, पानवाला, शिवानी घरातल्या चपलांत, धापा टाकत, तिच्यामागे तिची आई, पूजा आणि कुठूनतरी आलेले दोन अनोळखी पुरुष. त्यांतल्या एकाच्या हातात लोखंडी गज.

भाभी ओरडल्या, "अरे मास्टरनी जी, ज़िंदा हैं! हम तो समझे गईं आप!"

"कहीं जाना नहीं था," मी म्हणाले. "इतवार है।"

पूजा: "इतवार को आप दरवाज़ा ही नहीं खोलतीं? कोई आता भी नहीं?"

शिवानीने तिला चिमटा काढला, तो सगळ्यांना दिसला. पानवाला गजवाल्याला म्हणाला, "चलो गुरु, आज इनका नंबर नहीं है।" सगळे हसले. मीही.

मग पोरींना एकदम उमगलं. "मैसेज आया! चल गया! मैम, चल गया!" पायरीवर उड्या मारत होत्या. इतका आनंद माझ्या दाराशी बऱ्याच दिवसांत झाला नव्हता, आणि तो मी बाहेर न पडल्याचा होता.

दार लावून वर आले. पेपर वाचता येईना. शनिवारी दुपारी बंद झालेलं दार सोमवारी सकाळी उघडतं. किती महिने असं चाललंय? मला कधी जाणवलंच नव्हतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

वर्गात जोरदार वाद. नाजनीन: "मैम ठीक थीं, तो अलार्म झूठा हुआ।" शिवानी: "पर हमें तो पता नहीं था न!" फार चांगला वाद होता. दुसरं कुणी यूजर असतं तर मी मनापासून खूश झाले असते.

शेवटी शिवानी म्हणाली, रविवार बंद करून टाकू? मला विचारलं. मी म्हणाले, राहू दे, एका वेळच्या अनुभवावरून बदलू नका.

शिक्षिका म्हणून बरोबर उत्तर. पण खरं कारण ते नव्हतं. "मैमचा रविवार बंद" असं कोडमध्ये लिहिलेलं मला नको होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

आठच्या सुमारास खाली गेले. दार उघडलं. गल्लीत धुकं, एक कुत्रा, दुधाच्या बरण्या बांधलेली एक सायकल. दार लावलं. वर आले.

मेसेज गेला नाही. कुणी आलं नाही.

हुशारी केल्यासारखं वाटलं. नाश्ता होईपर्यंत टिकलं ते.

२४ नोव्हेंबर, सोमवार

"मैम, कल तो आठ बजे खुल गया! कहाँ गई थीं?"

"ऐसे ही।"

शिवानीने लगेच निष्कर्ष काढला की मागचा रविवार अपवाद होता. नाजनीन स्क्रीनकडे बघत म्हणाली, "खुला और तुरंत बंद हो गया।" एवढंच. मग माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली.

या वर्गाला पहिल्या आठवड्यात मी काय सांगितलं होतं? जे उत्तर आवडलं नाही तेही ठेवायचं. मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावलं आहे. लावायला स्टूल मीच धरलं होतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

नागपूरहून दादाचा फोन. "मनू, तुझं मराठी पार बिघडलं गं. 'मी तर परेशान झाले' म्हणतेस." मग वहिनी, मग भाचा, तो हिंदीतच बोलला. मग परत दादा: "महिनाभर ये इकडे. तिकडे आहे काय आता तुझं?"

शाळा आहे, म्हटलं.

"शाळा सोमवार ते शनिवार. मी रविवारचं विचारतोय."

याला कुणी सांगितलं? कुणीच नाही. सहज म्हणाला.

३० नोव्हेंबर, रविवार

ठरवलं होतं, आज दाराला हात लावायचा नाही. जे होईल ते होऊ दे. काही नाही तर प्रयोग तरी खरा होईल.

पावणेदहाला खाली गेले आणि उघडलं.

खरं लिहायचं तर असं: मुलींना धावायला लागू नये म्हणून उघडलं, असं नाही. वर बसून मी कान देत होते. त्या येतील, चप्पल वाजेल, पूजा काहीतरी बोलेल. मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की त्याची लाज वाटली, म्हणून उघडलं.

३ डिसेंबर, बुधवार

प्रेझेंटेशन येत्या सोमवारी, पालकांसमोर. प्रि. मॅडमनी रिपोर्ट वाचला, पहिल्यांदाच आमच्या तासाबद्दल चांगलं बोलल्या. "एकदम सफल लिखिए। ये अच्छा है।"

मुलींचा निष्कर्ष: अकेले रहने वाले लोग भी रोज़ सुबह दरवाज़ा खोलते हैं, इसलिए न खुले तो ज़रूर कुछ गड़बड़ है।

हे वाक्य माझ्या दोन रविवारांवर उभं आहे. दोन्ही खोटे.

लहान गोष्ट आहे असं दिवसभर स्वतःला समजावलं. नाही आहे. शिवानी हे खरंच तिच्या गल्लीत लावणार आहे, दोन घरं तयारही झाली आहेत. तिथे कुणी माझ्यासारखं असेल तर दर रविवारी लोक धावत येतील. दोनदा, तीनदा येतील. मग येणं बंद करतील. आणि ज्या दिवशी यायला हवं त्या दिवशी पानवाला म्हणेल, अरे, इनका तो रोज़ का है।

सांगायला हवं. सोमवारच्या आधी.

५ डिसेंबर, शुक्रवार

सांगितलं. लॅबमध्ये, मधल्या सुट्टीत, तिघींना. दोन वाक्यांत सांगायचं ठरवलं होतं, बरीच झाली.

पूजा: "मतलब मैम, आपने चीटिंग की?"

हो.

शिवानी चिडली. तिला माझ्यावर चिडलेलं पहिल्यांदा पाहिलं. "दीवार पर आपने ही लगवाया है! हमारा पूरा निष्कर्ष गया। सोमवार को क्या बोलेंगे?" मला उत्तर येत होतं. दिलं नाही. या वेळी नियम म्हणून नाही, देण्याचा हक्क उरला नव्हता म्हणून.

नाजनीन म्हणाली, "मुझे लगा था।"

"तो पूछा क्यों नहीं?"

"आपने सिखाया था न, यूज़र से ऐसे नहीं पूछते कि उसको शर्म आए।"

घंटा झाली. तिघी गेल्या. मी वायरी आवरत बसले, ज्या आधीच आवरलेल्या होत्या.

६ डिसेंबर, शनिवार

शाळा सुटल्यावर तिघी स्टाफरूमच्या दाराशी. ठरवून आल्या होत्या, बोलायचं काम शिवानीकडे. आवाज अजून कोरडाच.

सोमवारी "सफल" म्हणणार नाहीत. काय झालं ते सगळं सांगणार. यूजरने दार मुद्दाम उघडलं हेही. "आपका नाम नहीं लेंगे," ती म्हणाली. मी म्हटलं, घ्यायचं असेल तर घ्या. ती म्हणाली, "वो हम तय करेंगे। प्रोजेक्ट हमारा है।"

प्रि. मॅडमना काय वाटेल ते मी सोमवारी निस्तरीन. पेंट मात्र चांगला झालाय.

मग शिवानी: "कल इतवार है। एक बार और टेस्ट करेंगे। आप वही कीजिएगा जो आप सच में करती हैं।"

"और मैसेज आया तो?"

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. हे ठरलं नव्हतं बहुतेक. किंवा ठरलं होतं आणि सांगायचं नव्हतं. पूजा तेवढ्यात बोललीच, "कप तो दो ही हैं मैम के पास," आणि शिवानी पहिल्यांदा हसली, हसू दाबून.

येताना जास्तीचं दूध घेतलं. घेतल्यावर गल्लीतच थांबले. ही पण लबाडी झाली का? ज्याला कुणी येणार नाही असं वाटतं तो एवढं दूध घेत नाही. परत करायला वळले, मग वाटलं, दुधाचा दाराशी काही संबंध नाही. आहे बहुतेक. आणलं.

वरच्या फळीवरचे कप काढले नाहीत. तेवढं तरी पाळलं.

उद्या त्या येणार नाहीत असं धरून चालले तर बरं. रागावल्या आहेत, थंडी आहे, सोमवारची तयारी आहे. भाभींनाही मागच्या वेळचा अनुभव आहे. कुणी आलं नाही तर तोही निकालच, आणि तो त्यांना तसाच सांगायचा.

उद्याचं एकच काम: दार मुद्दाम उघडायचं नाही.