मनोऱ्याखालचं घर आणि समोरची चकाकी

मी, मनोऱ्यावरचा जुना पहारेकरी, वय सत्तरीच्या पुढे, गुडघे सोडून बाकी सर्व शाबूत, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. कोणी दडपण आणलेले नाही. या चढावर दडपण आणायला येणाऱ्याला आधी दम खावा लागतो. लिहून घेणारे वकीलसाहेब सकाळीच वर आले, आणि त्यांचा श्वास अजून ठिकाणावर नाही.

कलम पहिले. मनोरा सरकारचा आहे, तो मला कोणाला देता येत नाही. जंगलात कुठे धूर दिसला की वायरलेसवर कळवायचे, हे माझे काम होते. हल्ली ते मुलगा करतो. मनोऱ्याखालची जागा व तिच्यावरचे दोन खोल्यांचे घर मात्र माझ्या स्वतःच्या कमाईचे असून, माझ्या पश्चात ते सर्वस्वी या मुलाच्या मालकीचे होईल.

इथे वकीलसाहेबांचा हात थांबला. "मुलगा म्हणजे? दत्तक घेतलाय?"

"नाही."

"मग नातं काय लिहू? जागा मोकळी ठेवली तर तुमचा पुतण्या त्याला कोर्टात नाचवेल. घर जाईल हातचं."

"मला सुचत नाही."

"मग 'परका इसम' लिहितो."

परका म्हणे! मी त्यांच्या पुढचा चहा उचलणारच होतो. नात्याची जागा तूर्त मोकळी ठेवली आहे.

कलम दुसरे. पुतण्या दर खेपेला अंगणात उभा राहून "काका, इथं हॉटेल काय चालेल!" म्हणतो. त्याला त्याच्या आजोबांचे भिंतीवरचे घड्याळ द्यावे. वाटणीत या घड्याळावरून त्याच्या बापाने माझ्याशी बोलणे टाकले होते. घ्या बाबांनो. ते बंद आहे.

कलम तिसरे. मुलाचे आईवडील दरडीखाली गेले, तेव्हा त्याचा मामा त्याला इथे घेऊन आला. मामा लाकडाच्या ट्रकवर होता. "चार दिवस ठेवा, मी येतोच," म्हणाला. तो अजून येतोच आहे. पोर ज्या कांबळ्यात गुंडाळून आणले होते ते धुऊन ट्रंकेत ठेवले आहे. ते मामाला पोचवावे आणि उशीर केल्याबद्दल माझे आभार कळवावेत.

कलम चौथे. दुर्बीण, लाल व पांढरे निशाण आणि ॲल्युमिनियमची चेपलेली थाळी मुलास. यामागची हकीकत नोंदवणे जरूर आहे, नाहीतर थाळी कोणी भंगारात देईल.

मुलगा आला तेव्हा सहा-सात वर्षांचा होता, पण बोलत नसे. दुर्बीण घेऊन बसे. एका दुपारी त्याने तोंड उघडले: "समोरच्या डोंगरावर चमकतं ते काय आहे?" ऊन कलले की त्या उतारावर, झाडीत, काहीतरी लखलखते. मीही ते कित्येक वर्षे पाहत होतो. काय आहे ते ठाऊक नव्हते, आणि ठाऊक करून घ्यावेसेही कधी वाटले नव्हते. त्याने विचारले आणि माझी झोप उडाली.

वणव्याचा हंगाम सरल्यावर आम्ही बेत केला. चकाकी फक्त मनोऱ्यावरून दिसते, झाडीत शिरले की हरवते. म्हणून मी समोर जायचे, आणि मी मोकळ्या खडकावर आलो की त्याने वरून चादरीएवढे निशाण हलवायचे. लाल म्हणजे डावीकडे, पांढरे म्हणजे उजवीकडे. फक्त कोणाच्या डावीकडे, हे ठरवायचे दोघांच्याही डोक्यात आले नाही. निशाण पाहायला मी त्याच्याकडे तोंड करून उभा. त्याचे डावे ते माझे उजवे. तो जीव तोडून लाल निशाण हलवी, आणि मी तितक्याच इमानदारीने उलटा चालत जाई. शेवटी घळीत घसरलो. पाय मुरगळला, अंधार पडला.

सकाळी घळीच्या तोंडाशी थाळी वाजू लागली. खिशात उकडलेली अंडी घेऊन ते एवढेसे पोर एकटे रान तुडवत आले होते.

"अरे, हाक का नाही मारलीस?" मी खालून ओरडलो.

"काय म्हणून मारू?" तो म्हणाला, आणि आल्यापासून पहिल्यांदा रडला. मनसोक्त रडून झाल्यावर नाक पुसत म्हणाला, "डावं कोणाचं धरायचं, ते आधी ठरवू." चालणाऱ्याचे धरायचे ठरले. तो ठराव आजतागायत लागू आहे.

अजूनही तो मला कशानेच हाक मारत नाही. काका नाही, बाबा नाही. जेवायला बोलवायचे तर थाळी वाजवतो. माझ्या पाठीमागे तो मला काय म्हणतो, याचे मला त्या चकाकीपेक्षाही जास्त कुतूहल आहे. विचारायची छाती मात्र झाली नाही.

कलम पाचवे. चकाकी अद्याप सापडलेली नाही. शोधताना एक झरा सापडला, मधाची पोळी सापडली, आणि कोणाचा तरी एकच बूट. पुढील शोधाचा पूर्ण हक्क मुलाकडे राहील. अट एवढीच, की त्याने एकट्याने जाऊ नये; मनोऱ्यावर निशाण धरायला कोणीतरी आपले असावे. सापडल्यास मला कळवावे. थाळी वाजवली तरी पुरे.

एवढे लिहून होईतो साक्षीदार आले. खालच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सही करण्याआधी मोकळी जागा पाहिली आणि कारण विचारले. ते ऐकून त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या.

"अहो, तुम्ही निमोनियानं आमच्याकडे पडला होतात ना, तेव्हा हा पोरगा दारातून हलत नव्हता. मी म्हटलं, फक्त नातेवाइकांना आत सोडतो, तुमचे कोण आहेत हे? तर म्हणाला, 'आमचं माणूस आहे.' वडील का, विचारलं. 'ते मला नाही माहीत. आमचं माणूस आहे.'"

वकीलसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "बाई, असं नातं कायद्यात बसत नाही."

"दवाखान्यात बसलं," नर्सबाई म्हणाल्या. "मी सोडलं त्याला आत."

कलम पहिल्यातील मोकळी जागा माझ्या सांगण्यावरून भरली आहे. नाते: आमचं माणूस. त्यावर पुतण्याने किंवा अन्य कोणी हरकत घेतल्यास नर्सबाई जबानी देतील. तसे त्यांनी कबूल केले आहे. वर मनोऱ्यावर जेवण मांडून बसलेल्या मुलाला यातले काही ठाऊक नाही. त्याची थाळी वाजते आहे, जेवण निवते आहे, तरी सह्या उरकाव्यात.

साक्षीदार:
१. दवाखान्यातल्या नर्सबाई (सही)
२. शिधा वर आणणारा खेचरवाला (अंगठा)

ठिकाण: मनोऱ्याखालचे घर, चुलीची खोली.
दिनांक: वणव्याचा हंगाम संपल्याचा दुसरा दिवस.

लिहून ठेवणार:
मनोऱ्यावरचा जुना पहारेकरी,
त्याचं माणूस. (सही)