लवकर सोडा, असं मी लिहिलं

१२ जाने.
सौ.च्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. २४ मार्च. डॉक्टर म्हणाले, घाई नाही, पण आता आणखी लांबवू नका. निखिलची जहाजावरची मुदत १५ मार्चला संपते. म्हणजे मुलगा घरी असेल. पण मागच्या खेपेला बदली माणूस मिळत नाही म्हणून कंपनीने त्याला दोन महिने जास्त ठेवून घेतलं होतं. या वेळी तसं नको.

१३ जाने.
कंपनीला मेल केला. चार ओळी. आईचं ऑपरेशन आहे, मुलाला लवकर सोडा. 'काइंडली रिलीव्ह हिम अर्ली.' गोडाऊनच्या ऑफिसात तीस वर्षं इंग्रजी ड्राफ्ट माझेच, साहेब फक्त सही करायचे. हात अजून बसलेला आहे. निखिलला कळवलं नाही. तिकडे इंजिनरूममध्ये त्याला कशाला टेन्शन.

२१ जाने.
सकाळी जहाजावरून निखिलचा फोन. आवाज ओळखू येईना.
"पप्पा, आईला काय झालंय? खरं सांगा."
म्हटलं, काही नाही, समोर बसून बोंबील साफ करतेय. "तिच्याकडे द्या." दिला. ती बोलली, जेवलास का विचारलं. मग मला म्हणाला, "कॅप्टनने बोलावून सांगितलं, घरून पत्र आलंय, पुढच्या पोर्टला तुला उतरवतोय. मला वाटलं आई गेली आणि तुम्ही लपवताय."
फोन ठेवला तरी हातातच होता. उतरवतायत. मुदतीला सात आठवडे बाकी असताना.

२९ जाने.
निखिल आला. उलव्याला घरी पोचेपर्यंत दुपार झाली. बारीक झालाय. चपलासुद्धा न काढता आईला धरून उभा राहिला. ती भांड्यांवरून उठलेली, म्हणते, "आरं, हात वले हान माजे." सोडेचना. मला फक्त "कसे आहात".

३० जाने.
आज जेवताना सगळं कळलं. पुढच्या परीक्षेला बसायला जहाजावरचे ठरावीक महिने भरावे लागतात. ते आता भरत नाहीत. मुदत पुरी झाली असती तर भरले असते. ही परीक्षा गेली. नवं जहाज कधी मिळेल, सांगता येत नाही. वर रेकॉर्डला लागलं: स्वतःच्या विनंतीवरून मुदतीआधी उतरला.
"पप्पा, तुम्ही अर्ली का लिहिलंत?"
"मग काय लिहायचं? लवकर म्हणजे अर्लीच ना."
"मुदत संपली की लगेच, असंच ना? तुम्हाला सून म्हणायचं होतं."
सौ. आतून: "सून? कुनाची सून? पोरगी बघितलीव का काय?"
निखिलला हसू आलं. मला नाही.

३१ जाने.
डिक्शनरी काढली. सून म्हणजे आत्तापासून थोड्या वेळात. अर्ली म्हणजे ठरल्या वेळेच्या आधी. एक आजपासून पुढे मोजायचं, दुसरं ठरल्या दिवसापासून मागे. आपल्याकडे दोन्हीला लवकरच. लवकर बरे व्हा. आज लवकर आलात? कधी गोंधळ होत नाही, कारण बोलणारा समोर असतो.
मी समोर नव्हतो. तिथे कोणीतरी चार ओळी वाचल्या, ऑपरेशन हा शब्द बघितला आणि भल्या मनाने पोराला घरी पाठवलं. त्यांना काय बोलणार?

४ फेब्रु.
निखिल तीन दिवस मोरा बंदराला मामाकडे. आज मीच गेलो. धक्क्याजवळ मामा जाळं शिवत होता, हा शेजारी बसलेला. मामा मला बघून चहा सांगायला म्हणून उठून गेला.
विचारलं, "रागावलायस?"
"राग नाही, पप्पा. पोर्ट यायला सहा दिवस होते. आईशी बोललो होतो, तरी खात्री नव्हती. वाटायचं, शेवटचं बोलायला लावलं असेल. काम करताना स्पॅनर हातातून पडायचा. परीक्षा परत देईन. ते सहा दिवस..."
चहा आला.
निघताना म्हणाला, "एक करा. कंपनीला लिहा, मी काही मागितलं नव्हतं. तुम्हाला सून म्हणायचं होतं, चुकून अर्ली पडलं. रेकॉर्डवरची ती ओळ तरी निघेल कदाचित."
म्हटलं, आजच लिहितो. माझ्याबरोबरच घरी आला.

६ फेब्रु.
आज लिहीन म्हणता म्हणता दोन दिवस. ड्राफ्ट झाला. सौ.ला मराठीत वाचून दाखवला. तिने नीट ऐकला.
"मंग तवा तुमाला काय पायजे व्हता?"
"मुदत संपली की सोडा. एवढंच."
"खरा सांगा. दिवाली झाल्यापासून रोज बोलताव, पोऱ्या घरान पायजे. माज्या पोटाचा नाव नको. तुमालाच करमत नाय."
मी चष्मा पुसायला घेतला. ती म्हणाली, "मी काय कोनाला सांगत नाय," आणि भाकऱ्या थापायला गेली.

७ फेब्रु.
सकाळपासून ड्राफ्ट समोर. तीन वाक्यं पटतात. आईचं ऑपरेशन मार्चमध्ये आहे, खरं. मुलाने काही मागितलं नव्हतं, खरं. त्याला मी कळवलंही नव्हतं, खरं. चौथं, मला सून म्हणायचं होतं.
१३ तारखेला काय मनात होतं? आठवतं एवढंच, लिहिण्याआधी कॅलेंडरचं पान उलटून मार्च बघितला होता. अजून दोन महिने, असं मोठ्याने म्हणालोही होतो. मग लिहायला बसलो.
शब्द येत नव्हता म्हणावं, तर तीस वर्षं प्रत्येक पत्राच्या शेवटी तोच टाइप केला. 'होपिंग टु हिअर फ्रॉम यू सून.' एकदाही त्या जागी अर्ली पडलं नाही.
न लिहावं तर पोराचं नुकसान. लिहावं तर त्याच्यासाठी खोटं, की खरं, तेच कळत नाही.
निखिल आला. "पाठवलं का, पप्पा?"
"एका वाक्यापाशी अडलोय."
खुर्ची ओढून शेजारी बसला. घरी आल्यापासून पहिल्यांदा इतका जवळ. स्क्रीन स्वतःकडे वळवली.
"कुठलं वाक्य?"